याकुत्स्कची यथासांग बदनामी

याकुत्स्क, फेब्रुवारीचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप उस्तिन्याताईस,

धाकट्या अक्सिन्याचा उणे अठ्ठेचाळीस अंशांतून साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. इथल्या जमिनीला आठही अंगं टेकवली तर परत किती मिळतील याची हमी कोण देणार?) तुझी तब्येत, दाजींचं पोट आणि आईचे गुडघे ही तिन्ही खाती सुरळीत चालू असतील अशी आशा करते. आम्ही खुशाल आहोत. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे प्रोकोपीच्या, नाकाचा शेंडा दरसालप्रमाणे जानेवारीत एकदा पांढरा पडला आणि माझी बोलणी खाऊन पुन्हा लाल झाला. तू पाठवलेली संत्री पोचली. वाटेत गोठून ती इतकी टणक झाली होती की प्रोकोपीने त्यातल्या एकाने भिंतीत खिळा ठोकून पाहिला. खिळा गेला. मग तेच संत्रं शेगडीशेजारी ठेवून, सैल करून, आम्ही दोघांनी वाटून खाल्लं आणि तुला तोंड भरून आशीर्वाद दिला. (धाकट्यांनी थोरल्यांना आशीर्वाद देऊ नये हे ठाऊक आहे, पण संत्रं गोड होतं.)

तुझी आज्ञा समजली. आई सारखी ‘मला घरी न्या’ म्हणते, तेव्हा इथल्या हिवाळ्याचं मी असं भीषण वर्णन करून धाडायचं की तू ते तिला मोठ्याने वाचून दाखवावंस आणि तिच्या डोक्यातून याकुत्स्क कायमचं निघून जावं. बाई गं, गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून मी पोट भरते, एका शहराची बदनामी करायला कितीसा वेळ लागणार! आणि तुझ्यासाठी हे करणार नाही तर कोणासाठी करू? गेल्या उन्हाळ्यात आईला तू समुद्राकाठी तुझ्या घरी नेलंस, तिच्या गुडघ्यांना तेल लावतेस, तिच्यासाठी दाजींची खुर्ची काढून घेतलीस, याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. हे वाक्य अगदी खरं आहे. पुढे पत्रात कुठे शंका आलीच तर मागे येऊन हे पुन्हा वाच.

तर आई, ऐक. तुझ्या शहराची दशा काय सांगू! धुकं असं पडलंय की समोरून येणारा ओळखीचा आहे की परका, हे तो अंगावर आदळल्यावर कळतं. परवा बाजारात मावशीची ती जाऊ (जी भेटली की आपल्या ऑपरेशनपासून सुरुवात करते, तीच) माझ्या हातभर अंतरावरून गेली आणि आमची भेट झाली नाही. इतके वाईट दिवस आलेत. मासळीबाजारात मासे उघड्यावर खोक्यांतून शेपट्या वर करून उभे आहेत, फुलदाणीत फुलं ठेवावीत तसे, आणि एकालाही काडीचा वास नाही. दूध अजून पातेल्याच्या आकारात गोठवून विकतात. बाई ते ताटासारखं काखेत मारते आणि घरी जाते, सांडण्याची सोयच उरलेली नाही. घरात तर विचारू नकोस, सव्वीस अंश. झोपताना खिडकीची झडप उघडून ठेवावी लागते आणि प्रोकोपी बनियनवर फिरतो, जे दृश्य कोणत्याही ऋतूत बघवत नाही. उस्तिन्याताईकडचं ते शांत, ओलसर, बारा अंशांचं घर आठवून मला गलबलून येतं. जन्मभर उणे पन्नासात वावरून कधी शिंक न आलेली मी तिथे चार दिवसांत दोन टॉवेल नाकाला लावून बसले होते.

आपली इमारत अजून खांबांवर उभी आहे आणि तिच्या पोटाखालून वारा वाहतो. शेजारच्या इमारतीचं मात्र वाईट झालं. तिच्याखाली गरम पाण्याची नळी गुपचूप गळत राहिली, ती ऊब जमिनीत मुरली आणि एक कोपरा असा खचला की तिथल्या बिऱ्हाडाची दारं आता आपोआप उघडतात. ते लोक म्हणतात, पाहुण्यांची सोय झाली. अशी ही आपली जमीन. गोठलेली असेल तोवर डोंगर पेलेल, माया लावली की बसलीच खाली.

आता लाद्यांची गोष्ट, कारण आमची अब्रू खरी तिथे गेली. नदीपलीकडच्या आपल्या तळ्यावर मामाच्या पोरांनी, वर बर्फ भुरभुरून तळं मळायच्या आत, नोव्हेंबरात चहासाठी बर्फाच्या लाद्या कापून काठावर उभ्या करून ठेवल्या होत्या. लेना नदी नीट गोठून तिच्यावरून गाड्या सुरू झाल्या तसा प्रोकोपी पलीकडे जाऊन वर्षाच्या चहाची बेगमी घेऊन आला. लाद्या निळ्या, आरपार, अशा की पलीकडचा प्रोकोपीसुद्धा बरा दिसावा. दर वर्षी तू बाल्कनीच्या दारात उभी राहून त्या रचून घ्यायचीस आणि ‘अरे हळू, चहा फुटेल!’ म्हणून त्याच्यावर ओरडायचीस. यंदा ओरडायला तू नव्हतीस, मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होते, आणि बाल्कनी घोड्याच्या मांसाने भरली होती. मग या विद्वानाने अंगणातल्या कुत्र्यांपासून रक्षण व्हावं म्हणून त्या लाद्या कुठे ठेवल्या असतील? गॅरेजमध्ये! गाडी सकाळी सुरू व्हावी म्हणून जे गॅरेज तो हिवाळाभर हीटर लावून तापवतो, त्यात. ज्याच्या सात पिढ्या बर्फ उकळून चहा पीत आल्या त्या माणसाने बर्फ उबेत ठेवला, वर दाराच्या फटीसुद्धा बुजवल्या, आणि भावाबरोबर बर्फाखाली जाळी टाकायला चार दिवस नदीवर निघून गेला.

परत येऊन बघतो तर अख्ख्या वर्षाचा चहा गाडीच्या चाकांशी तळं होऊन बसलेला. याने विजेचा धक्का नको म्हणून हीटर बंद केला (इथवर शाबास), पाणी वाहून जावं म्हणून दार सताड उघडलं, आणि ते वाहीपर्यंत वेळ जावा म्हणून वरच्या मजल्यावर गाव्रीलकाकांकडे बुद्धिबळ खेळायला गेला. पाणी कुठे जातंय! उणे पंचेचाळीसात ते जिथे होतं तिथेच विचार करत थांबलं. डाव संपला तेव्हा गाडीची चारही चाकं बर्फात घट्ट रुतली होती. गाव्रीलकाका खाली आले. जन्मभर लेनावर जहाज हाकलेला माणूस, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “प्रोकोपी, माझं जहाजही एकदा असंच अडकलं होतं. पण ते नदीत होतं रे!”

मी म्हटलं, “काका, बसा. आज चहा पहारीने फोडून देते. पेट्रोल किती चमचे घालू?”

“तू नको करूस,” प्रोकोपी पुटपुटला. “तुझ्या चहाला पेट्रोल लागत नाही.”

(हा माणूस चाकं रुतलेली असताना विनोद करतो. आई, तूच त्याला पसंत केलं होतंस.)

मग अंगणातली सगळी बिऱ्हाडं पहारी घेऊन आली. उकरताना हसले, शिव्या दिल्या, आमच्याच बाल्कनीतले गोठलेले मासे तासून खाल्ले आणि गाडी सोडवून गेले. संध्याकाळी दार वाजलं. दारात गाव्रीलकाका, खांद्यावर पोतं, पोत्यात एक लादी. मला भरून आलं. म्हटलं, काका, तुमचे उपकार कसे फेडू? तर म्हणाले, “तू कशाला फेडतेस? ही तुला नाहीच. तुझा चहा मी प्यायलोय. ही तुझ्या आईला. ती आली की सांग.” त्यांच्यामागून जिन्याने एकेक जण आला, प्रत्येकाची एकेक लादी आणि प्रत्येकाचं तेच बोलणं. घोड्याचं मांस आता पलंगाखाली गेलंय, तिथल्या उबेत टिकत नाही म्हणून भराभर पोटात जातंय, आणि बाल्कनी छतापर्यंत निळी झाली आहे. त्यातल्या एकाही लादीला हात लावायची मला परवानगी नाही. आम्ही दोघं नळाचं पाणी पितो.

असं हे भयंकर गाव आहे आई. इथे यायचा विचारसुद्धा करू नकोस.

दाजींना नमस्कार. तुम्हा सगळ्यांची आठवण काढत, पांघरूण न घेता झोपणारी,

अक्सिन्या

ता. क. (हेही मोठ्याने वाच) : आई, तुझ्या खिडकीतलं जिरॅनियम जिवंत आहे. सध्या त्याला आठ पानं आणि एक कळी आहे. कळी कोणासाठी थांबली आहे ते कळत नाही.

ता. क. दुसरा (हे मात्र मनातल्या मनात वाच) : ताई, रागावू नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच आईचा फोन आला होता. म्हणाली, “उस्तिन्या तुला थंडीबद्दल लिहायला लावील. लिही. धुकं घाल, मासळी घाल, लाद्यांचं तर सगळं घाल. ती वाचते छान, मला ऐकायचंय.” तेव्हा वरचं सगळं तुझ्या आज्ञेवरून आणि तिच्या फर्माईशीवरून. मी तिला म्हटलं, ताई तुझं इतकं करते, तुला तिथे कमी काय आहे? म्हणाली, “कमी नाही गं. जास्त आहे. ती इतकी ऊब देते की मी खचत चाललेय.” तू कुठे कमी पडली नाहीस ताई. पत्राच्या सुरुवातीचं ते खरं वाक्य आता पुन्हा वाच.

ता. क. तिसरा : बाल्कनीतल्या लाद्या एप्रिलमध्ये घाम धरतात, आणि नदीवरचा रस्ताही त्याच सुमाराला बंद होतो. तिला तळ्याकाठी एकदा नेऊन आणायचं आहे. तेव्हा मार्चमध्ये तिला घेऊन ये, आणि तूही महिनाभर राहा. तुझ्या सर्दीवर इथे उत्तम इलाज आहे, त्याला थंडी म्हणतात.

ता. क. शेवटचा : हे वाचून मान वर करशील तेव्हा आई डोळे मिटून, झोप लागल्यासारखी बसली असेल. तिला उठवू नकोस. हळूच तिच्या पलंगाखाली बघ. केसाळ बूट केव्हाचे पुसून ठेवले असतील. निघताना फिरवावे लागू नयेत म्हणून ती त्यांची टोकं नेहमी दाराकडे ठेवते. टाचा दाराकडे दिसल्या तर समज, तुझ्यासाठी ती आणखी आठवडाभर थांबायला तयार आहे.