बावीस नंबरचं दार

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून अगादीरच्या ऑफिसचा सर्व्हर मला आत घेत नाही. टर्मिनलची काळी खिडकी, लुकलुकणारी रेघ, मग — वेळ संपली. सार्डिन मासळीचं शीतगृह मी इथून, मिदेल्तहून सांभाळते, म्हणून आईच्या मोडलेल्या पायापाशी बसूनही नोकरी टिकली आहे. ओख्रीब साहेबांना कळलं तर म्हणतील, "झालं? आता ये परत."
आई पलंगावरून, "अगं, कुणी घरी नसेल."

४ नोव्हेंबर
नकार आला असता तरी चाललं असतं. निदान आत कुणीतरी आहे हे कळतं. इथे उत्तरच नाही — वाटेतच कुणीतरी गिळतंय. मोबाइलच्या नेटवरून पाहिलं, तेच. म्हणजे घरची लाइन निर्दोष. (काल तिला उगाच शिव्या घातल्या.) त्याच सर्व्हरवरची वेबसाइट मात्र झक्क उघडते!
ऑफिसातल्या इद्दरला फोन केला. त्याचं लगेच जोडलं गेलं. "माझ्याशी तर गोड बोलतोय." मेला.

५ नोव्हेंबर
इद्दरने छडा लावला. साहेबांनी कुठल्याशा भाषणात हॅकर्सबद्दल ऐकलं आणि फायरवॉलमध्ये बावीस नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं एक दार, ऑफिसाबाहेरच्यांना बंद करायला लावलं. टर्मिनलची ये-जा नेमकी तिथूनच. धीर करून साहेबांना म्हटलं, माझ्यापुरतं तरी उघडा.
"गिझलान, तू अगादीरला ये. दार उघडंच आहे."
आईला काही सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेब त्यांच्या गावी, ताफ्राउतला. बाकी सगळे शुक्रवारच्या रिवाजाप्रमाणे कुसकुस खायला आपापल्या घरी. दुपारी साहेबांच्या फोनवर शीतगृहाचा गजर. कंप्रेसर बंद. त्यांनी लॅपटॉप उघडला — काळी खिडकी. मग मला फोन.
"गिझलान, हा मलाही उत्तर देत नाही गं."
"साहेब, तुम्ही अगादीरला या. दार उघडंच आहे."
तोंडून निघून गेलं. मग ते हसले. किंवा खोकले असतील.
इद्दरला ताटावरून उठवून ऑफिसात पिटाळलं. त्याने साहेबांची नि माझी परवानगी फायरवॉलच्या यादीत टाकली, तरी काही होईना. कारण पठ्ठ्याने ती बंदीच्या खाली लिहिलेली. "अरे, ती वर घे! फायरवॉल वरून खाली वाचते, बंदी दिसली की तिथेच थांबते." वर घेतली, आणि मी आत! कंप्रेसर चालू केला. मासळी वाचली.
साहेब म्हणाले, "आईचा पाय बरा होईपर्यंत तिथेच राहा."

९ नोव्हेंबर, रविवार
आईने चहा आणून दिला. दोन्ही हातांत ट्रे, काठी नाही. "तू बाजारात होतीस तेव्हा डॉक्टर येऊन गेले. मागच्याच महिन्यात. चाला म्हणाले. तू निघून जाशील म्हणून बोलले नाही."
चहा प्यायले. मग साहेबांना लिहिलं — पायाला अजून दोन महिने लागतील.