रीगाचे दगडी चेहरे आणि माझे रविवार

२७ मे, रविवार. संध्याकाळी ६.
आजपासून दर रविवारी सकाळी अकराला, अल्बेर्ता रस्त्याच्या कोपऱ्यावरून ‘इमान्त्सबरोबर रीगा’ हा फेरफटका. फुकट. बत्तीस वर्षं नगरपालिकेत इमारतींचे नकाशे काढले, आता शहराला काही द्यायला नको? सात जण आले. पहिल्याच घरावरचे दगडी चेहरे एकेक करून मोजून दाखवले. अडतिसाव्या चेहऱ्याला चौघे उरले. दर्दी माणसं गर्दीत नसतातच.

खरं कारण फक्त इथे लिहितो. विज्मा. माझी एकुलती एक मुलगी. चार वर्षं बोलत नाही. तिच्या लग्नात मी हॉलच्या छतावर पन्नास मिनिटं बोललो. मध्येच आवरतं घेतलं म्हणून रागावली असावी. राहते याच शहरात. फेरफटक्याची कीर्ती कानावर गेली की येईल.

१० जून, रविवार.
तिघे. त्यातल्या एकाला टॉयलेट कुठे आहे एवढंच हवं होतं. संकल्प: अडीच तासांचा कार्यक्रम दोन तासांत बसवणे. (आज सव्वातीन तास झाले. कालव्याकाठच्या बागेत पूल लागतो, आणि पूल लागला की पुलावर बोलावंच लागतं.)

१९ जून, मंगळवार.
शेजारच्या औस्माबाई म्हणाल्या, अहो, मुलीला सरळ फोन करा की, हात झिजतात का तुमचे? मी म्हटलं, खांबांचं सौंदर्य फोनवर कसं कळणार? त्यावर म्हणे, तिला बाप हवा असेल हो, खांब घेऊन काय करायचंय तिला! औस्माबाईंना प्रपोर्शन कळत नाही.

२४ जून, रविवार.
यानिचा सण, ऐन उन्हाळ्यातला. अख्खं शहर शेकोट्या पेटवायला खेड्यांकडे पळालेलं. उपस्थिती शून्य. तरी फेरफटका पूर्ण केला. शिस्त म्हणजे शिस्त. बागेतल्या पुतळ्यासमोर अर्धा तास बोललो. आजवरचा सर्वांत शांत श्रोता.

२८ जून, गुरुवार. सकाळी ७.
कॅलेंडर पाहिलं आणि ताडकन उठलो! आमच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली माणसांची नावं छापलेली असतात, ज्याचं नाव त्याचा तो दिवस. एक जुलै, ‘इमान्त्स’. माझा नामदिवस, आणि रविवार! वाढदिवसाला आमंत्रणं करावी लागतात. नामदिवसाला कुणी कुणाला बोलवत नाही, ज्याला यायचं तो आपणहून येतो. विज्मा येणार. फोन करणं आता तर शोभणारच नाही.

गेली तीन वर्षं या दिवशी केक कापायला घेऊन घरी बसलो, कुणी फिरकलं नाही. बंद खोलीत माणसांना संकोच वाटतो. यंदा उघड्यावर.

३० जून, शनिवार.
केशर घातलेला मोठा गोड पाव आणला. बारा जणांचा. औस्माबाई म्हणाल्या, नामदिवसाला माणसं घरी येतात, तुम्ही कुठे उंडारताय? निदान दारावर चिठ्ठी तरी लावा. चिठ्ठी कशाला? रविवारी अकराला मी कुठे असतो, हे सगळ्या रीगाला ठाऊक आहे.

१ जुलै, रविवार. संध्याकाळी ७.
साडेदहापासून पाव घेऊन कोपऱ्यावर उभा. बारापर्यंत कुणी नाही. विज्मा लहानपणापासून उशीर करणारी, म्हणून पाच वाजेपर्यंत थांबलो. चेहरे पुन्हा मोजले. या वेळी एक कमी भरला.

घरी आलो तर औस्माबाई जिन्यात. म्हणाल्या, विज्मा आली होती. अकराला. पाच फुलं घेऊन. बरोबर दोन-अडीच वर्षांची मुलगी. बेल वाजवून दीड तास पायरीवर बसल्या होत्या मायलेकी. औस्माबाईंनी कॉफीला आत बोलावलं, तर म्हणाली, नको, बाबा येतीलच इतक्यात. मला कुठे शोधायचं हे औस्माबाईंनी सांगितलं. ती म्हणाली, तिथे नको, तिथे ते माझ्याशी बोलणार नाहीत, भिंतींशी बोलतील. साडेचारचं विमान होतं. डब्लिन. सगळं बिऱ्हाड हलवलंय.

विज्माला फोन लावला. चार वर्षांपूर्वीचा नंबर आता कुणाचाच नाही.

फार वाईट वाटतंय. मी आजोबा आहे, हे मला जिन्यात कळलं.

नातीचं नाव काय, विचारलं. औस्माबाई म्हणाल्या, अगबाई, ते विचारायचं राहूनच गेलं. नाव कळलं असतं, तर कॅलेंडरात तिचा दिवस तरी शोधला असता.