पट्टा तर बदलायचाय

२४ एप्रिल, सकाळी
ठरलं. गाडीचा टायमिंग बेल्ट मीच बदलणार. आमच्या ह्यांनी हयातभर गाडी परक्याच्या हातात दिली नाही, आणि ह्यांना पाने कोण काढून देत होतं? मीच. देणाऱ्याला सगळं कळतं. एका दिवसाचं काम. मग टोमॅटोची रोपं गाडीत घालून थेट दाच्यावर, गावाबाहेरच्या बागेतल्या घरी. खिडकीत ढोपराएवढी झालीत. मेच्या पहिल्या आठवड्यात मातीत गेली नाहीत तर संपलीच.
शेजारच्या गॅरेजमधले रोदियोन झाखारोविच मदत करू का म्हणून आले. विधुर माणूस. मदतीला आला की चहाला थांबतो, चहाला थांबला की जेवायला. म्हटलं, आधी स्वतःच्या पँटचा पट्टा सांभाळा.

संध्याकाळी
चाक निघालं. एक नट सोडून.

२६ एप्रिल
नट निघाला. रोदियोननी पान्याला लांब नळी लावून काढला. ढिला मीच करून ठेवला होता.
जुना बेल्ट काढायच्या आधी दोन्ही दातेरी चाकांवर खडूने खुणा केल्या. ते म्हणाले, एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह वाकतात. म्हटलं, आमच्या इंजिनात नाही वाकत, अख्ख्या गॅरेजांच्या रांगेला ठाऊक आहे. माणूस भित्रा.

२९ एप्रिल, स्वच्छ गुरुवार
ईस्टरच्या आधी घरात डाग राहता कामा नये. पहाटे आंघोळ, पडदे धुतले, जमीन घासली. मग वाटलं, गाडी काय परकी आहे? इंजिन रॉकेलने धुतलं, तारेच्या काथ्याने घासलं. असं लखलखलं की रोदियोनना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही दातेरी चाकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "क्लावदिया येगोरोव्हना, खुणा कुठायत?"
म्हटलं, डोक्यात.

३० एप्रिल
डोक्यात एकच खूण सापडते. चाकं दोन.
कारखान्याच्याही बारीक रेघा असतात म्हणे. चष्मा लावून बघितलं तर सगळीकडे रेघाच रेघा. काथ्याच्या.
नवा बेल्ट अंदाजाने बसवला. पिठात मीठ मी कधी मोजून घातलंय?

२ मे, ईस्टर
आज काम करणं पाप. बरं झालं. रोदियोन येऊन रंगवलेली अंडी फोडून गेले, कुलिचच्या गोड पावाचे तीन तुकडे खाऊन गेले. इंजिन आधी हाताने फिरवून बघा म्हणत होते. सणासुदीला असले विषय काढतात का?

३ मे
चावी फिरवली. ठण्. मग खडखड. मग काही नाही.
वाकतात.

५ मे
रोपं वरच्या काचेला टेकून खाली वळायला लागलीत. बसवाल्याने रोपांची खोकी बघूनच दार लावलं. रोदियोनच्या गाडीत त्यांच्याच मिरच्यांची रोपं, माणूस बसायला जागा नाही. म्हणाले, दोर आहे. दाच्याजवळ तोल्या मिस्त्री राहतो, इंजिनही त्याला दाखवू.
म्हटलं, मला कुणी ओढून नेलेलं चालत नाही.

६ मे
दोन रोपं मोडली.

८ मे, दाच्यावर
गाडी इथपर्यंत स्वतः चालवत आणली. स्टेअरिंग माझं, ब्रेक माझा, दोन्ही पायांनी. पेट्रोल थेंबभर नाही. पुढे रोदियोनची गाडी होती, पण रस्त्यात पुढे कुणी ना कुणी असतंच. रोपं सुखरूप.
उतरल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्या वाटेत हॉर्न कशाला देत होतात?"
म्हटलं, ओव्हरटेक करायचं होतं.
तोल्याने झाकण काढून आत बघितलं. परत लावलं. म्हणाला, काकू, ह्यात आता अंडी घालायला कोंबडी बसवा.
रोदियोन खाली वाकून दोर सोडायला लागले. म्हटलं, असू दे बांधलेला. परत जायचंय ना.