खोगिरावरची शहात्तर वर्षं

तीर्थरूप लव्हर्नताईस, धाकट्या डेल्बर्टचा टोपी काढून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. चालतेस, की डॉक्टरच बदललास? इकडे टेक्सासच्या या टोकाला वारा नेहमीसारखा सुटलाय. परवा कोंबड्यांचं खुराडं कोंबड्यांसकट शेजारच्या अंगणात गेलं आणि शेजारी म्हणतो, अंडी आता माझी. नवी कवळी बसवली आहे, ती कधीकधी माझ्या आधी बोलते. बाकी ठीक.

तर सांगायचं ते हे, की मी वेल्डाला लग्नाची मागणी घालायचं ठरवलं. (वेल्डा म्हणजे क्रूगरची विधवा. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं गुरं पाळली, आणि त्यातल्या बऱ्याच गुरांबद्दल ती नवऱ्यापेक्षा बरं बोलते.) जून गेली आणि मी विधुर झालो, त्याला नऊ वर्षं झाली. ओट्यापाशी उभ्याने डब्यातला घेवडा खाऊन मी विटलोय, ताई. समोर कुणीतरी बसलेलं हवं, आणि ते कुणीतरी वेल्डाच हवी. एकच अडचण होती. चार-पाच महिन्यांपूर्वी चर्चच्या जेवणात तिने सहज वय विचारलं आणि माझ्या तोंडून अडुसष्ट निघून गेलं. (कवळी तेव्हा नव्हती, त्यामुळे दोष तिच्यावर ढकलता येत नाही.)

जागा निवडली ती हायवेवरचं, दारावर घोड्याची नाल ठोकलेलं ते नालवालं स्टेकचं हॉटेल. नाक मुरडू नकोस. चार ते सहा साठीपुढच्यांसाठी तिथे जे स्वस्तातलं ताट मिळतं, त्यात बशीबाहेर लोंबणारा स्टेक, लोण्यात बुडालेला अख्खा बटाटा, पाव मागाल तेवढे, आणि शेवटी पीचचं गोड. तेवढ्या पैशांत शहरात नुसतं पाणी आणून देतात, तेही तोंड वाकडं करून. पावणेचारालाच आम्ही दारात रांगेत उभे होतो. वेल्डाने निळा झगा घातला होता आणि मला घास जाईना, अजून काही खायला मिळालेलं नसताना.

पहिली फजिती मागवतानाच झाली. वेल्डाने आतून लाल स्टेक सांगितला. मला पोटाच्या डॉक्टरने लाल काही खायचं नाही असं बजावलंय, पण अडुसष्टीच्या तरण्याने हे चारचौघांत कसं सांगायचं? म्हणून नुसतं म्हटलं, "पूर्ण भाजलेला." वाढणारी ट्विला पेन थांबवून बघतच राहिली. शेजारच्या टेबलावरच्या दोन गुराख्यांनी टोप्या काढल्या, मयताला काढतात तशा. वेल्डा म्हणाली, "अरे, ते जनावर एकदा मेलंय ना? परत कशाला मारतोस?" आपल्याकडे माणूस यापेक्षा कमी कारणावरून गाव सोडून गेलाय.

तरी मी धीर सोडला नाही. सॅलड घ्यायच्या निमित्ताने उठलो, ट्विलाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "आज माझा मोठा दिवस आहे. गोड आणशील तेव्हा जरा गाजावाजा कर." ती म्हणाली, "काका, काही काळजी करू नका. फक्त लायसन दाखवा." मी बिअर मागवली होती, त्यामुळे मला वाटलं, एकवीसच्या आतला आहे की काय याची खात्री करतेय. सुखावून मी लायसन काढून दिलं. ताई, तू इथे असतीस तर मला कानाला धरून खाली बसवलं असतंस. नालवाल्याकडे मोठा दिवस म्हणजे वाढदिवस, दुसरं काही नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मलाही माहीत होतं. प्रेमात पडल्यावर तेवढंच नेमकं विसरलो.

घंटा वाजली. चाकाच्या घोडीवर ठेवलेलं खोगीर आलं. चौघांनी मला उचलून त्यावर बसवलं. वेल्डा टाळ्या वाजवत होती. आता रिवाज असा, की जेवढी वर्षं तेवढ्या वेळा सगळ्यांनी टेबल बडवायचं, मोठ्याने मोजत. (माझा वाढदिवस फेब्रुवारीत आणि हा ऑक्टोबर. ट्विलाने महिना बघितलाच नाही, साल तेवढं बरोब्बर बघितलं.) पन्नासपर्यंत मजा आली. साठला मी खोगिराची मूठ घट्ट धरली. अडुसष्टला वेल्डाने शेवटची थाप मारली आणि हात मांडीवर ठेवला. हॉटेल पुढे चाललं. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खोगिराच्या मुठीकडे. शहात्तरला थांबले एकदाचे.

गुडघ्यामुळे मला एकट्याने उतरता येत नाही, आणि सगळे पीच खायला पांगले. मग म्हटलं, आता लपवायला उरलंय काय? वरूनच विचारलं, "वेल्डा, माझ्याशी लग्न करशील का?" ती म्हणाली, "आधी खाली ये." तिनेच हात धरून उतरवलं. माझा स्टेक दोघांच्याही सुरीला दाद देईना, तो कुत्र्यासाठी बांधून घेतला. कुत्र्याने पुरून ठेवलाय.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. गाडीत वेल्डा म्हणाली, "वयाचं मला काही नाही. पण आणखी काय काय ठोकून दिलंयस?" मी म्हटलं, काही नाही. त्यावर ती म्हणाली, "हे तुझ्या घरचं कुणी सांगेल तर हो म्हणते." आपल्या घरचं आता तूच उरलीस. रविवारी चर्च सुटल्यावर तिचा फोन येईल.

ता. क. २. गुडघ्याचं विचारलं तर मी शिडीवरून पडलो होतो हे सांगून टाक. मी घोडा म्हटलं होतं.

ता. क. ३. आणि सर्वांत आधी ती विचारेल, तू डेल्बर्टची कोण. तुझ्या गावात तू सत्तरीची आहेस आणि मी तुझा थोरला भाऊ, हे मला ठाऊक आहे. वेल्डाची मामेबहीण तिकडच्या चर्चमध्ये तुझ्याच बाकावर बसते, म्हणजे मंगळवारपर्यंत गावभर होईल, हेही ठाऊक आहे. पण खरं सांग, ताई. वीस वर्षं तुझ्यासाठी थोरला होऊन राहिलो, आता मला लग्नापुरतं धाकटं होऊ दे.