खळ वाळेपर्यंत

दि. १४, रविवार, दुपार

अहो,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांचा पाय आता नीट टेकतो, असं जाऊबाईंकडून कळलं. बरं वाटलं. फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र.

दुकान चालू आहे. ग्रंथालयाची पुस्तकं बांधणीला आलीत, नुसता ढीग. शिवाय मी खिडक्यांना रंग दिला, सुऱ्यांना धार लावून आणली, कपाटातले पुठ्ठे मापानुसार लावले. शेजारचे शिंपीदादा म्हणाले, "वहिनी, आता दुकान पाडून पुन्हा बांधा, म्हणजे सगळं झालं."

परवा मात्र फजिती झाली. डॉक्टरीणबाईंचं जाडजूड पुस्तक खळ लावून शिकंज्याच्या फळ्यांमध्ये आवळलं. एकदा आवळलं की खळ वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे मामंजींनी आपल्या दोघांनाही शिकवलेलं. तुम्ही तेव्हा खुशाल स्टुलावर बसून चहा पीत रस्ता बघायचात आणि माझा जीव वरखाली व्हायचा, की एवढं काम पडलंय नि हे बसलेत! परवा मी सारखा शिकंजा सैल करून बघत राहिले. पुठ्ठा होडीसारखा वाकला. सगळं उसवावं लागलं.

दुसऱ्यांदा आवळलं आणि तुमच्या स्टुलावर जाऊन बसले. हात मांडीवर ठेवून. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसतं हो. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाशी वाद घालतो, एवढंच. पण दुकान इतकं शांत आहे, हे मला तोवर कळलंच नव्हतं. कळू नये म्हणूनच खिडक्या रंगवत होते की काय, कोण जाणे.

दादांच्या मदतीला जाताना तुम्ही म्हणालात, चार दिवसांत येतो. पण थंडीचे कपडेही बॅगेत घातलेत. मी पाहिलं होतं. विचारलं नाही, पुठ्ठे कापत राहिले.

जाऊबाई म्हणाल्या, दादा आता बागेत फिरून येतात, तुम्ही मात्र फाटकाजवळच्या बाकावर तासन्‌तास बसलेले असता. मी विचारलं, परत यायचं काही बोलतात का? त्या म्हणाल्या, "राहू दे गं. भाऊजींना इथं निवांत वाटतंय."

आई सांगते, ताणू नकोस, गप्प राहा, येईल आपणहून. खळ गप्प ठेवली की वाळते, हे मला ठाऊक आहे. माणसाचं काय होतं, ते ठाऊक नाही.

म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. ग्रंथालयाला सांगितलंय, उशीर होईल. भांडायला येत नाही, न्यायलाही नाही. त्या बाकावर तुमच्याशेजारी बसायचंय. तुम्हाला तिथंच राहायचं असेल तर तसं सांगा. मध्येच उठून कामाला लागणार नाही, पुरतं ऐकून घेईन.

स्टँडवर आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मला घर ठाऊक आहे.

शनिवारपर्यंत तरी नक्की,
तुमचीच