सासूबाईंची बोली

३ फेब्रुवारी २०१४
सासूबाईंना आज आयसीयूतून वॉर्डात हलवलं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, गिळताना त्रास. बोलतात मात्र. अखंड. एक शब्द कळत नाही. ताकाशी अंथरुणाशी उभा राहून नुसता "हो आई, हो आई" करत होता. नर्स म्हणाली, मेंदूला मार बसला की असं अर्थ नसलेलं बोलतात.
लॅबला परत दांडी. सरांना मेल केली.

६ फेब्रु.
नर्स अंग पुसत होती, तर सासूबाई ओरडल्या, "शाक्कोइ!" नर्सला वाटलं दुखलं. पण त्यांनी ओला टॉवेल डाव्या हाताने ढकलून दिला, म्हणजे गार लागला असणार. म्हणजे अर्थ आहे त्याला. ताकाशीला सांगितलं. तो म्हणाला, "तुला वाटतंय."

१० फेब्रु.
शनिवारच्या बर्फाचे ढिगारे ओजिमातल्या आमच्या बिल्डिंगांखाली अजून तसेच.
वाचा शिकवणाऱ्या ओगावा-सान आज पहिल्यांदा आल्या. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "ही बडबड नाही. ही ईशान्येच्या किनाऱ्यावरची बोली आहे. तोक्योची भाषा गेली, लहानपणची राहिली. असं होतं कधी कधी."
ताकाशी बेचाळीस वर्षांचा. जन्मात आईच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं त्याने. मला विचारतो, "तुला माहीत होतं?" मला कुठून?

११ फेब्रु.
ताकाशीने जेवताना जेवढं ठाऊक तेवढं सांगितलं. सासूबाईंचं गाव मच्छीमारांचं. शाळा संपल्यावर, पंधराव्या वर्षी, गावच्या पोरापोरींबरोबर खास गाडीने तोक्योला. तेव्हा कारखान्यांना माणसं पुरत नव्हती. ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायचं काम. तोंड उघडलं की हॉस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणून वर्षभर फारसं बोलल्याच नाहीत. रेडिओवरच्या निवेदिकेची नक्कल करत शिकल्या. नंतर लग्न. ताकाशीच्या वडिलांच्या आईने बजावलेलं, बाळाशी तसलं बोलायचं नाही. तसंही नसत्याच बोलल्या, मला वाटतं.
माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. पुण्यात तिने मालवणी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. आम्हाला वाटायचं, ती पुण्याचीच.

१६ फेब्रु.
गावात एक धाकटी बहीण आहे, हारुए. दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नाही, का ते ताकाशीला माहीत नाही. गाव तीन वर्षांपूर्वीच्या त्सुनामीत गेलं, ती वाचली. तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत राहते. नंबर मिळवला.
ताकाशीने वॉर्डातूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून अगदी शुद्ध तोक्योची भाषा. "कळवल्याबद्दल आभारी आहे." आवाज ऐकताच सासूबाई उठायला लागल्या. "हारुए, हारुए", मग धो धो बोलणं, डोळ्यांतून पाणी. मग हारुए-सान म्हणाल्या, "आपलं बोलणं मला नीट समजत नाही. क्षमा असावी." फोन ठेवला.
सासूबाई फोनकडे बघत राहिल्या. मी पडदा ओढून घेतला.

१९ फेब्रु.
पुण्याला व्हिडिओ कॉल. आईने आमच्या लेकीला, मिओला विचारलं, "काय जेवलीस गं?" मिओने मला जपानीत सांगितलं, मी आईला मराठीत. तेराची होईल. पूर्वी माझ्याशी मराठीत बोलायची. आता स्टेशनवर मी मराठीत फोन घेतला की चार पावलं पुढे जाऊन उभी राहते. ताकाशीला सांगितलं तर म्हणतो, वय आहे.

८ मार्च
एकटीच गेले हारुए-सानना भेटायला. ताकाशी म्हणाला, "तू परकी आहेस, तुझ्यावर रागावणार नाहीत." शिंकान्सेन, मग बस. समुद्राकडे काही नाही. मातीचे डोंगर, ट्रक.
वसाहतीत त्या शेजारणीशी बोलत उभ्या होत्या. लांबूनच ओळखलं, तेच सूर. मला बघितलं आणि भाषा बदलली.
चहा दिला. मी विचारायच्या आधीच सांगायला लागल्या. त्यांची आई शेवटच्या आजारात होती, तेव्हा थोरली तोक्योहून आली. केस कुरळे केलेले, सूट, हातात भात शिजवायचं विजेचं भांडं. आईच्या उशाशी बसून रेडिओसारखं बोलली. आईने धाकटीला विचारलं, "कचेरीतून आल्यात का या बाई? चहा दे त्यांना." थोरलीने ते ऐकलं. दोन दिवस राहिली, एक शब्द गावचा काढला नाही. आई गेली.
मी म्हटलं, "कदाचित जमलं नसेल त्यांना. सवय गेली असेल."
"जमत होतं," हारुए-सान म्हणाल्या. "आता येतंय ना?"
मी चहा संपवला.
एकदा या म्हणून विनवलं. नाही. मग निदान फोनमध्ये चार वाक्यं बोला, त्यांना ऐकवते. "ही बोली बोलायला माझ्याकडे थोडी माणसं उरलीत. बाकीची समुद्राने नेली. आहे ती त्यांच्यासाठी." निघताना वाकामेची, वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पुडी दिली, खाली मान घालून. दारापर्यंत आल्या नाहीत.

९ मार्च
ताकाशीला सगळं सांगितलं. तो बराच वेळ भांडी घासत राहिला. मग, "माझ्याशी तरी बोलायचं होतं तिने. मी हसलो नसतो." हसला असता. शाळेत पोरं माझ्या बोलण्याला हसली की मिओही हसते, तसा.
वाकामे तशीच आहे. सासूबाईंना पातळ पेजेखेरीज काही देता येत नाही.

२३ मार्च
ओगावा-सान चित्रांची कार्डं दाखवतात. सफरचंद. छत्री. कुत्रा. सासूबाई मान खाली घालून म्हणतात, चुकलं की पुन्हा म्हणतात. हॉस्टेलवरची पंधरा वर्षांची मुलगी अशीच बसत असेल.
मी म्हटलं, त्यांची बोली राहू द्या ना. ओगावा-सान वाईट नाहीत. म्हणाल्या, "उद्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये गेल्यावर कोण समजून घेणार? पाणी हवंय, दुखतंय, एवढं तरी सांगता यायला नको?" बरोबर आहे त्यांचं. तोच तर वैताग.

५ एप्रिल
तोक्योशेजारी, सायतामातल्या नर्सिंग होममध्ये जागा मिळाली. मेपासून.
आज सासूबाई स्वच्छ तोक्योच्या भाषेत म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास होतोय." नर्सला. मग ताकाशीला, तेच. मग मिओला, तेच, मान लववून. ताकाशी रडला. "आई परत आली," म्हणाला. मी खिडकीशी गेले.
मिओ लिफ्टमध्ये म्हणाली, "आजी ते दुसरं बोलत नाही का आता?" जपानीतच.
म्हटलं, कमी झालंय.
"मला आवडायचं ते." मग इअरफोन घातले.

१३ एप्रिल
आठवडाभर गावचा शब्द नाही. कपाळावर गार हात ठेवून पाहिला. "त्सुमेताइ," म्हणाल्या, शाक्कोइ नाही. शुद्ध. वर सॉरीसुद्धा म्हणाल्या.

१४ एप्रिल
संध्याकाळी हारुए-सानचा फोन. ताकाशी ऑफिसात, मीच घेतला. या वेळी त्या तोक्योचं बोलल्या नाहीत. मला निम्मं कळलं. मेच्या सुट्टीत येऊ का, असं विचारत होत्या. मग हळू, मला कळेल असं, "ती अजून बोलते ना तसं?"
मी म्हटलं, या तुम्ही.
त्यांनी पुन्हा विचारलं.