जुन्या स्टेशनचे मास्तर

प्रिय धाकट्या,

रविवारी मोटार घेऊन येतोयस आणि बाबांना कायमचं तुझ्याकडे नेतोयस, असा तुझा निरोप मिळाला. तुझं म्हणणं चूक नाही. तुझ्याकडे लिफ्ट आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, आणि माझे गुडघे आता बाबांच्या मागे धावायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. फक्त निघण्याआधी हे वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपलं जुनं स्टेशन आता तुला ओळखू येणार नाही. ते बांधलं तेव्हा धूर नको म्हणून गावकऱ्यांनीच ते वेशीबाहेर ढकललं होतं. मग गावच सरकत सरकत त्याला येऊन चिकटलं. पुढे लांब गाड्यांना तिथलं वळण झेपेना, तेव्हा नवं स्टेशन पुन्हा गावाबाहेर गेलं आणि इथं नुसते रूळ उरले. गेल्या वर्षी नगरपालिकेनं तिथं रेल्वेचं संग्रहालय केलं. तिकीटघराला रंग दिला, फलाटावरची बाकं घासूनपुसून बसवली, आणि बाबांनी ज्या खोलीत स्टेशनमास्तर म्हणून अर्धं आयुष्य काढलं तिथं काचेच्या पेटीत एक कंदील ठेवला. आपल्या क्वार्टरमध्ये स्वच्छतागृहं केली आहेत. आईच्या स्वयंपाकघराच्या जागी नेमकं काय आलं ते लिहीत नाही, तू जेवायला बसला असशील.

एके सकाळी बाबा घरातून नाहीसे झाले. मी सगळी गल्ली पालथी घातली. सापडले ते संग्रहालयाच्या दारात, जुना काळा कोट घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांची तिकिटं तपासताना. लोकांना वाटलं, हाही देखाव्याचाच भाग. नगराध्यक्षांचे पाहुणे फुकटात आत शिरत होते, त्यांनाही बाबांनी खिडकीवर परत पाठवलं. तिथल्या व्यवस्थापक बाई आधी वैतागल्या, मग फुकटे बंद झालेत हे त्यांच्या लक्षात आलं. आता त्या स्वतःच बाबांसाठी दाराशी खुर्ची मांडून ठेवतात. दुपारनंतर बाबा खुर्ची सोडून फलाटावर जातात आणि बाकावर बसून राहतात.

घरी ते मला ओळखत नाहीत. बाई, फार उपकार झाले, असं म्हणून माझ्या हातचा चहा घेतात. मला राग येतो, रडूही येतं. भांडी घासताना दोन्ही उरकून घेते. गेल्या खेपेला त्यांनी तुला मीटर बघायला आलेला माणूस समजून जिन्याखालची जागा दाखवली, तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. तू संध्याकाळीच परत गेलास. मी तुला थांब म्हटलं नाही, कारण थांबवून तरी काय दाखवणार होते?

परवा त्या बाईंनी मला बाजूला घेतलं. संग्रहालय बंद करायची वेळ झाली तरी बाबा बाकावरून उठत नाहीत, आणि का म्हणून विचारलं की रोज एकच सांगतात, "मुलगा येणार आहे माझा. गाडीला जरा उशीर आहे, एवढंच." हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून सांगते, रविवारी घरी येऊ नकोस. घरात तू त्यांना परकाच वाटशील. मोटार मागच्या रस्त्याला लाव, बॅग हातात घे आणि रुळांच्या बाजूनं फलाटावर चढ. बाईंची परवानगी मी घेतली आहे. ते तुला ओळखतीलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण ओळखलं तर तिथंच ओळखतील. त्यांना न्यायचं की नाही ते मग आपण तिघं त्याच बाकावर बसून ठरवू. नेलंस तरी मी आडवी येणार नाही. पण त्याआधी एकदा त्यांचा मुलगा गावात पोचू दे.

तुझीच,
रविवारी फलाटावर उभी असणारी
ताई